तिसऱ्याची लढत, पहिल्याचा लाभ

'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण मराठी माणसाने भावकीच्या वाटण्यांपासून बाजारपेठेपर्यंत सर्वत्र खरी ठरताना पाहिली आहे. निवडणुकीच्या आखाड्यात मात्र ती बहुधा उलटी होते. तिसरा भांडायला उतरला की लाभ पहिल्या दोघांपैकी एकाला होतो आणि तिसऱ्यावर अनामत रकमेवर पाणी सोडण्याची वेळ येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत नवी दिल्ली मतदारसंघात अरविंद केजरीवाल भारतीय जनता पक्षाच्या प्रवेश वर्मा यांच्याकडून ४,०८९ मतांनी पराभूत झाले. तिसऱ्या क्रमांकावरील काँग्रेसचे संदीप दीक्षित यांना ४,५६८ मते मिळाली. याच मतदारसंघात २०१३ मध्ये केजरीवाल यांनी संदीप दीक्षित यांच्या मातोश्री आणि तत्कालीन मुख्यमंत्री शीला दीक्षित यांचा २५ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला होता. त्या वेळी तिसरे होते ते केजरीवाल. जो तिसरा म्हणून आला आणि पहिल्याला हुसकावून बसला, त्याचीच वाट पुढे तिसऱ्याने अडवली, असे निदान आकडे तरी सांगतात.

राजधानीत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी माणसाने हे संपूर्ण आवर्तन जवळून पाहिले आहे. सरकारी वसाहतींत राहणारा अधिकारी असो, पहाडगंजमधील जुने मराठी कुटुंब असो की करोलबागेत सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात असलेला सांगलीकडचा गलाई कामगार, २०१३ च्या हिवाळ्यात यांपैकी अनेकांच्या घरी 'या वेळी झाडूला द्यायचे का?' हा प्रश्न चर्चिला गेला होता. काहींनी दिले, काहींनी 'मत वाया जाईल' म्हणून दिले नाही. तिसऱ्या उमेदवाराला दिलेले मत खरोखरच वाया जाते काय, हा प्रश्न त्यानंतरही प्रत्येक निवडणुकीत नव्या चेहऱ्यासह उभा राहतो. त्याचे उत्तर भाबडेपणाने 'नाही' असे देता येत नाही आणि तुच्छतेने 'होय' असे देणेही योग्य नाही.

प्रथम आकर्षणाचा विचार करू. तिसऱ्याकडे मतदार वळतो तो हौसेने नव्हे. पहिल्या दोघांच्या कंटाळ्याने वळतो. 'दगडापेक्षा वीट मऊ' या न्यायाने वर्षानुवर्षे मतदान करून थकलेल्या माणसाला दगडही नको असतो आणि वीटही. दिल्लीत १९९८ पासून सलग पंधरा वर्षे काँग्रेसची सत्ता होती आणि तिला पर्याय म्हणून केवळ भाजप होता. महापालिकेत भाजप आणि राज्यात काँग्रेस अशी जणू वाटणीच झालेली. वीज-पाण्याच्या देयकांनी त्रासलेल्या मतदाराला या दोहोंपैकी कोणी जाब विचारील, असे वाटेनासे झाले तेव्हा आम आदमी पक्ष पुढे आला. सत्तर जागांपैकी २८ जागा आणि सुमारे साडेएकोणतीस टक्के मते पहिल्याच प्रयत्नात मिळणे, ही घटना केवळ भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या लाटेने घडली नाही. ज्या प्रश्नांवर दोन्ही मोठे पक्ष सोयीस्कर मौन पाळत होते, ते प्रश्न कोणीतरी नावानिशी बोलून दाखवत होते. तिसऱ्या उमेदवाराचे पहिले आणि खरे भांडवल असते ते हेच. त्याच वर्षी मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्यायही आला. पण ते बटण निषेध नोंदवते, निकाल बदलत नाही. तिसरा उमेदवार निदान निकाल बदलण्याची शक्यता तरी घेऊन येतो.

मात्र आपली निवडणूक पद्धती या शक्यतेवर फार कठोर अट घालते. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती मते तीस टक्के असोत वा साठ. इतरांच्या मतांना सभागृहात काहीही मोल नाही. पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीने, १९५२ मध्ये, हा धडा घालून दिला. काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते मिळाली आणि ४८९ पैकी ३६४ जागा. समाजवादी पक्षाला साडेदहा टक्क्यांच्या आसपास मते मिळूनही १२ जागांवर समाधान मानावे लागले. उलट कम्युनिस्टांनी सव्वातीन टक्के मतांवर १६ जागा मिळवल्या. समाजवाद्यांची मते देशभर विखुरलेली होती, कम्युनिस्टांची ठरावीक पट्ट्यांत एकवटलेली. त्याच निवडणुकीत राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभव पत्करावा लागला. उमेदवाराची थोरवी ही विजयाची हमी नसते, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

साठ वर्षांनीही हे गणित बदललेले नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून अधिक मते मिळाली, मतांच्या हिशेबाने तो देशातला तिसरा पक्ष ठरला आणि जागा मिळाल्या शून्य. त्याहून कमी मते मिळवणाऱ्या तृणमूल काँग्रेसने पश्चिम बंगालमध्ये ३४ जागा जिंकल्या. बिहारमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रशांत किशोर यांच्या जन सुराज पक्षाने दोनशेहून अधिक उमेदवार उभे केले आणि साडेतीन टक्क्यांच्या आत मते मिळवून एकही जागा जिंकली नाही. एमआयएमने मात्र दोन टक्क्यांच्या आसपास मतांवर सीमांचलात पाच जागा राखल्या. तात्पर्य असे की, या पद्धतीत विस्ताराला शिक्षा आहे आणि एकाग्रतेला बक्षीस. जो तिसरा पक्ष एका प्रदेशात, एका समाजघटकात किंवा एका प्रश्नावर घट्ट पाय रोवतो तो टिकतो. जो संपूर्ण देशाला वा राज्याला एकाच वेळी कवेत घेऊ पाहतो त्याच्या हाती टक्केवारी उरते, आमदार-खासदार उरत नाहीत.

अशा टक्केवारीतूनच 'मते खाण्याचा' आरोप जन्माला येतो. उत्तरेत त्यासाठी 'वोटकटवा' हा बोचरा शब्द रूढ आहे. आपल्याकडे 'बी टीम' म्हणतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये अशोक चव्हाण सुमारे ४० हजार मतांनी पराभूत झाले आणि तेथे वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला दीड लाखाहून अधिक मते होती. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे यांचा पराभव १ लाख ५८ हजारांच्या फरकाने झाला, तर प्रकाश आंबेडकर यांना १ लाख ७० हजारांच्या घरात मते पडली. २०२४ मध्ये माहीम विधानसभा मतदारसंघात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अमित ठाकरे तेहेतीस हजार मते घेऊन तिसरे राहिले आणि शिवसेनेच्या दोन गटांतील लढतीचा निकाल अवघ्या १,३१६ मतांनी लागला. अशी उदाहरणे देऊन पराभूत पक्ष तिसऱ्यावर खापर फोडतात.

या आरोपात गृहीत धरलेली एक गोष्ट मुळातच लोकशाहीविरोधी आहे. मतदार हा कोणाचा वतनी कुळ नव्हे. वंचितला मत देणारा प्रत्येक जण वंचित नसती तर काँग्रेसलाच मत देता झाला असता, हे कशावरून? त्यातला कोणी घरी बसला असता, कोणी भाजपकडे गेला असता. अनेक दशके एखाद्या समाजाची मते गृहीत धरायची, उमेदवारीत त्याला वाटा द्यायचा नाही आणि तो वेगळी चूल मांडू लागला की त्याला शत्रूचा हस्तक ठरवायचे, हा न्याय नव्हे. जागावाटपाच्या बैठकीत तिसऱ्याला तुच्छ लेखणाऱ्यांनी मतमोजणीच्या दिवशी त्याच्या नावाने बोटे मोडू नयेत. तथापि हेही तितकेच खरे की, निकालाचा परिणाम सर्वांना भोगावा लागतो. आपल्या उमेदवारीने नेमका कोण निवडून येणार आहे, याचा अंदाज तिसऱ्याला नसतो असे मानणे बालिशपणाचे ठरेल. तो अंदाज असूनही लढायचे असेल, तर त्याचे कारण मतदारांना आधी सांगण्याचे धैर्य हवे.

जागांच्या मोजमापाने सर्व काही मोजता येत नाही, याची साक्ष संसदेचा इतिहास देतो. राजापूरचे नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते, मुंगेर आणि बांका येथून निवडून आलेले पुण्याचे मधु लिमये, मुझफ्फरपूरने कारागृहात असतानाही निवडून दिलेले जॉर्ज फर्नांडिस ही सारी माणसे लहान पक्षांत घडली आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मरणात राहिली. बिहारच्या मतदाराने मराठी माणसाला पुन:पुन्हा निवडून दिले, हे आजच्या प्रांतवादी वातावरणात मुद्दाम आठवावे असे आहे. रेल्वेमंत्री असताना दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोमची गादी आणली. १९८९ मध्ये आलेले विश्वनाथ प्रताप सिंह यांचे सरकार एक वर्षही टिकले नाही. पण त्याच काळात मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याचा निर्णय झाला आणि रेल्वे खाते फर्नांडिस यांच्याकडे, तर अर्थ खाते दंडवते यांच्याकडे असताना जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. गणपतीला गावी जाणाऱ्या कोकणी माणसाचा प्रवास ज्या मार्गाने होतो, तो उभारणारे महामंडळ काँग्रेसच्या वा भाजपच्या बहुमताच्या काळात स्थापन झाले नव्हते, याची नोंद घ्यायला हवी.

परंतु याच सरकारांनी तिसऱ्या पर्यायाची दुखरी बाजूही उघड केली. चरणसिंह यांचे सरकार १९७९ मध्ये लोकसभेला सामोरे न जाताच कोसळले. विश्वनाथ प्रताप सिंह यांना एका बाजूने भाजपचा आणि दुसऱ्या बाजूने डाव्यांचा टेकू होता. एक टेकू निघाला आणि इमारत खाली आली. त्यांच्यामागून आलेले चंद्रशेखर काँग्रेसच्या पाठिंब्यावर चार महिनेही निर्धास्त राहिले नाहीत. १९९६ मध्ये संयुक्त आघाडीने दोन वर्षांत दोन पंतप्रधान दिले. ज्योती बसू यांच्याकडे चालून आलेले पंतप्रधानपद त्यांच्याच पक्षाने नाकारले आणि पुढे बसूंनी त्याला ऐतिहासिक चूक म्हटले. बाहेरून पाठिंबा म्हणजे उसन्या बैलांवरची शेती. पेरणी आपली, पण बैल केव्हा सोडायचे ते शेजारी ठरवणार. अशा सरकारची नजरही आखूडच राहते. १९९० ची दहा हजार रुपयांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी असो की गुजराल सरकारने १९९७ मध्ये मान्य केलेल्या पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशी असोत, लाभ झालेल्यांना त्या सुखावह होत्या. बोजा मात्र पुढील सरकारांनी आणि विशेषतः राज्यांच्या तिजोऱ्यांनी वाहिला. या स्तंभाच्या अनेक वाचकांच्या वेतनपत्रकाशी ही गोष्ट निगडित आहे, म्हणूनच ती स्पष्ट सांगितली पाहिजे.

दुसरे वैगुण्य व्यक्तिकेंद्रिततेचे. मोठ्या पक्षांतील घराणेशाही आणि 'हायकमांड' यांविरुद्ध आरोळी ठोकत जन्मलेला तिसरा पक्ष बहुधा एकाच माणसाच्या खिशात जाऊन बसतो. दिल्लीत ६७ जागा जिंकल्यानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल २०१५ मध्ये, योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना आम आदमी पक्षातून काढण्यात आले. प्रश्न विचारण्यासाठी स्थापन झालेल्या पक्षाला आतून विचारलेला प्रश्न सोसवला नाही. पुढे मुख्यमंत्री निवासाच्या खर्चापासून मद्य धोरणापर्यंतच्या वादांत पक्षाची जी नाचक्की झाली, ती इतरांपेक्षा अधिक बोचली; कारण त्याने स्वतःला इतरांहून निराळ्या तराजूत तोलायला लावले होते. २०२५ मध्ये साडेत्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास मते मिळूनही पक्ष २२ जागांवर आला, तर त्याच्यापेक्षा दोन टक्के अधिक मते मिळवणाऱ्या भाजपने ४८ जागा घेतल्या. जी पद्धती २०१५ मध्ये त्याला सुमारे ५४ टक्के मतांवर सत्तरपैकी ६७ जागा देऊन गेली, तिनेच दहा वर्षांनी हिशेब चुकता केला.

तिसरे वैगुण्य घाईचे. पहिल्या दिल्ली सरकारचा ४९ दिवसांत राजीनामा देऊन आम आदमी पक्षाने २०१४ मध्ये लोकसभेच्या चारशेहून अधिक जागा लढवल्या आणि जिंकल्या चार, त्याही सर्व पंजाबात. बहुसंख्य उमेदवारांची अनामत जप्त झाली. त्याच पक्षाने पंजाबात चिकाटी धरली तेव्हा २०१७ मध्ये २० आणि २०२२ मध्ये ११७ पैकी ९२ जागांपर्यंत मजल मारली. चिकाटीचा याहून मोठा धडा कांशीराम यांनी घालून दिला आहे. पुण्यात संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या या माणसाची राजकीय जडणघडण महाराष्ट्रात झाली. त्यांनी १९७८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांची 'बामसेफ' बांधली, १९८४ मध्ये पक्ष काढला आणि पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी हरवण्यासाठी व तिसरी जिंकण्यासाठी लढायची, असे कार्यकर्त्यांना शिकवले. उत्तर प्रदेशात स्वबळावर बहुमत आले ते २००७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. त्याच पक्षाला २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पुन्हा एकही जागा मिळाली नाही, हेही लक्षात ठेवावे. कार्यकर्त्यांची घडण थांबली की तीन दशकांची मेहनतही वाहून जाते.

चौथे वैगुण्य निवडून आल्यानंतरचे. पक्षांतरबंदी कायद्यात दोनतृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला जी वाट ठेवली आहे, ती लहान पक्षांच्या मुळावर आली आहे. सहा-सात आमदारांच्या गटाला गिळंकृत करणे सत्ताधाऱ्याला अवघड नसते. राजस्थानात २०१८ मध्ये निवडून आलेले बसपचे सहाही आमदार पुढील वर्षी काँग्रेसमध्ये गेले. बिहारमध्ये २०२० मध्ये निवडून आलेल्या एमआयएमच्या पाचपैकी चार आमदारांनी २०२२ मध्ये राष्ट्रीय जनता दलाची वाट धरली. पहिल्या दोघांना नाकारण्यासाठी ज्याने तिसऱ्याला मत दिले, त्याचे मत अखेर त्याच दोघांपैकी एकाच्या झोळीत पडले. यापेक्षा मोठी फसवणूक कोणती?

मग दोष पद्धतीचा की पक्षांचा? घटना समितीत जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली होती. देशातील निरक्षरता आणि सरकारचे स्थैर्य ही कारणे देऊन डॉ. आंबेडकर यांनी तिला विरोध केला. पुढे विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा वाढवून त्यापुरती यादी पद्धती आणावी, असे सुचवले. तो अहवाल कपाटात राहिला, कारण ज्यांना या पद्धतीचा लाभ होतो त्यांच्याच हाती ती बदलण्याचा अधिकार आहे. प्रमाणशीर पद्धतीने लहान पक्षांची संख्या वाढेल आणि सरकारे आणखी ठिसूळ होतील, ही भीती निराधार नाही. पण चार टक्के लोकांचा संसदेत एकही प्रतिनिधी नसणे हेही स्थैर्याचे लक्षण मानता येत नाही. काही जागांपुरता तरी हा प्रयोग चर्चेला घेण्यास हरकत नसावी.

तोपर्यंत मतदाराला असलेल्या पद्धतीतच निवड करायची आहे. तिसरा उमेदवार दारी आला की त्याला काही साधे प्रश्न विचारावेत. मागची पाच वर्षे तुम्ही कोठे होता? महापालिकेत, ग्रामपंचायतीत तुमचे कोणी आहे काय? तुमच्या पक्षात नेत्याला 'चुकले' म्हणण्याची सोय आहे काय? पैसा कोठून येतो? त्रिशंकू स्थिती आली तर कोणाबरोबर जाणार, हे आज लिहून देता काय? आणि हरलात तर पुढील निवडणुकीपर्यंत याच वस्तीत दिसाल काय? या प्रश्नांना ज्याच्याकडे सरळ उत्तरे आहेत, त्याला दिलेले मत तो हरला तरी वाया जात नाही. ते पुढच्या निवडणुकीची अनामत असते आणि पहिल्या दोघांना दिलेली ताकीदही. ज्याच्याकडे उत्तरे नाहीत, केवळ इतरांच्या पापांची यादी आहे, त्याच्यासाठी मतदानकेंद्रापर्यंतचा फेरा घालण्याचे कारण नाही.

परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाची आणखी एक सवय येथे सांगायला हवी. तो मुंबई-पुण्याच्या राजकारणावर तावातावाने बोलतो. ज्या शहरात पाणी भरतो, मुले शाळेत धाडतो, तेथील मतदारयादीत मात्र अनेकदा त्याचे नाव नसते. बदलीची नोकरी हे त्याचे कारण काही अंशी मान्य करता येईल. पण नवी दिल्लीसारख्या मतदारसंघाचा निकाल चार हजार मतांनी लागतो, तेव्हा काही वसाहतींनी घरी बसणे हाही एक कौलच ठरतो. तिसऱ्याला मत द्यावे की देऊ नये, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. ज्याने नावच नोंदवलेले नाही, त्याला तिसऱ्याच्या नावाने हळहळण्याचा किंवा पहिल्याच्या नावाने बोटे मोडण्याचा अधिकार उरत नाही.